डे लिलीची लागवड आणि निगा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डे लिली ही खरी लिली आहे का?

नाही. खऱ्या लिलीला, म्हणजे लिलियमला, खवल्यांचा कंद असतो आणि एकाच उभ्या खोडावर पाने व फुले येतात. डे लिलीला कंद नसतो. जमिनीखाली जाड, मांसल मुळांचा गुच्छ असतो आणि त्यावर एक टणक भाग, ज्याला क्राऊन म्हणतात. क्राऊनमधून दोन्ही बाजूंना एकाआड एक लांब पाती निघतात. पात्यांची अशी एक जुडी म्हणजे एक पंखा. बरेच पंखे मिळून झुपका होतो. फुलदांडा पात्यांमधून स्वतंत्रपणे वर येतो.

पावसाळी लिली, स्पायडर लिली आणि अमॅरिलिस यांनाही सरसकट लिलीच म्हटले जाते, पण त्या कंदवाल्या आहेत. अमॅरिलिसचा कंद काढून दोन-तीन महिने कोरडा ठेवता येतो. डे लिलीची मुळे तशी ठेवली तर सुरकुतून मरतात. शास्त्रीय नाव हेमेरोकॅलिस. रोप घेताना हे नाव पाहिले की फसगत होत नाही.

फूल एकच दिवस टिकते, मग बाग फुललेली कशी राहणार?

फूल एक दिवसाचे, पण दांडा एका दिवसाचा नसतो. चांगल्या वाढलेल्या झाडाच्या एका दांड्यावर साधारण १५ ते ३० कळ्या असतात आणि त्या आळीपाळीने उमलतात. झुपक्यात पाच-सहा दांडे असले तर तीन-चार आठवडे रोज नवी फुले दिसतात. लवकर, मध्यम आणि उशिरा फुलणाऱ्या जाती मिळून लावल्या की हा काळ बराच लांबतो.

काही जाती एका हंगामात पुन्हा बहरतात. १९७५ मध्ये नोंदवलेली ‘स्टेला दे ओरो’ ही त्यातली सर्वांत परिचित: जेमतेम फूटभर उंच, सोनेरी पिवळी, फूल पावणेतीन इंचांचे. ‘हॅपी रिटर्न्स’ फिकट पिवळी आणि तशीच पुन्हा फुलणारी. मात्र पुन्हा फुलणे हे जातीच्या अंगात असले तरी त्यासाठी पाणी आणि खत चालू ठेवावे लागते. पहिल्या बहरानंतर दुर्लक्ष झाले तर दुसरा बहर येतच नाही.

सुवास हवा असेल तर पिवळ्या जाती पाहाव्यात. हेमेरोकॅलिस सिट्रिना या प्रजातीची लिंबू रंगाची फुले संध्याकाळी उमलतात आणि त्यांना छान वास असतो. लाल व जांभळ्या जातींत वास क्वचितच मिळतो.

नोंदलेल्या जाती हजारोंनी आहेत. निवड कशी करायची?

नोंद झालेल्या जाती ऐंशी हजारांहून अधिक आहेत आणि बहुतेक लोक फोटो बघून घेतात. आमच्या मते आधी पानांची सवय बघावी, रंग नंतर. डे लिलीत तीन प्रकार असतात: थंडीत पाने पूर्ण वाळून जाणाऱ्या सुप्त जाती, वर्षभर हिरव्या राहणाऱ्या सदाहरित जाती आणि मधल्या अर्धसदाहरित जाती.

जिथे कडाक्याची थंडी पडत नाही तिथे सदाहरित किंवा अर्धसदाहरित जातीच घ्याव्यात. सुप्त जातींना थंडीतली विश्रांती लागते. ती मिळाली नाही की वर्षागणिक पंखे बारीक होत जातात आणि फुले कमी होतात. उलट बर्फ पडणाऱ्या भागात नाजूक सदाहरित जातींचे क्राऊन गोठून सडतात. लेबलवर हा प्रकार लिहिलेला नसेल तर विचारून घ्या.

लेबलवर ‘टेट्राप्लॉइड’ असे लिहिलेले असेल तर त्या झाडात गुणसूत्रे दुप्पट, म्हणजे ४४ असतात (साध्या डिप्लॉइड जातीत २२). पाकळ्या जाड, दांडे दणकट, रंग गडद. घरच्या बागेसाठी दोन्ही चालतात. फरक पडतो तो संकर करताना.

ऊन किती लागते?

रोज किमान सहा तास थेट ऊन. चार तासांत झाड जगते, पण दांडे कमी येतात आणि उजेडाकडे कलतात. याला एक अपवाद आहे. गडद लाल, काळपट आणि जांभळ्या फुलांचा रंग दुपारच्या उन्हात विरघळल्यासारखा डागाळतो. या जातींना सकाळचे ऊन आणि दुपारी दोन-तीननंतर सावली मिळेल अशी जागा द्यावी. मोठ्या झाडाखाली लावू नये. सावलीपेक्षा तिथल्या मुळांशी होणारी पाण्याची स्पर्धा जास्त नडते.

माती कशी हवी?

निचरा होणारी, सेंद्रिय पदार्थ असलेली, किंचित आम्ल ते उदासीन (सामू ६ ते ७). निचरा तपासायला एक फूट खोल खड्डा खणून पाण्याने भरा, पाणी जिरले की पुन्हा भरा. दुसऱ्या वेळी चार तासांनंतरही पाणी साचलेले दिसले तर त्या जागी सहा ते आठ इंच उंच वाफा करूनच लावा. चिकट काळ्या मातीत कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट एक तृतीयांश मिसळावे. नुसती वाळू घालू नये. थोडी वाळू चिकण मातीत मिसळली की ती अधिकच घट्ट बसते.

रोप लावण्याची नेमकी पद्धत काय?

बहुतेक रोपे माती झटकलेल्या उघड्या मुळांची मिळतात. ती आली की:

१. मुळे पाण्यात तीन-चार तास बुडवून ठेवा. फारच वाळलेली असतील तर रात्रभर. त्याहून जास्त ठेवू नका, कुजायला लागतात.

२. मऊ, तपकिरी, दाबल्यावर पाणी सुटणारी मुळे कापून टाका. पाती सहा ते आठ इंचांवर छाटा, म्हणजे मुळे सावरेपर्यंत पानांतून पाणी उडून जाणार नाही.

३. खड्डा एक फूट रुंद आणि एक फूट खोल घ्या. निघालेल्या मातीत तिसरा हिस्सा कंपोस्ट मिसळा. ओले शेण किंवा अर्धवट कुजलेले खत खड्ड्यात घालू नका.

४. खड्ड्याच्या मध्यावर मातीचा उंचवटा करा, क्राऊन त्यावर टेकवा आणि मुळे चहूबाजूंनी खाली पसरवा.

५. माती भरताना बोटांनी मुळांमध्ये सारत जा, पोकळी राहू देऊ नका. शेवटी क्राऊन जमिनीच्या पातळीखाली एक इंचापेक्षा जास्त जाता कामा नये. पात्यांच्या बुडाशी पांढरा आणि हिरवा रंग जिथे मिळतो ती रेषा मातीच्या पातळीला आली की खोली बरोबर.

६. भरपूर पाणी द्या. माती बसली की खोली पुन्हा तपासा. खूपदा रोप या पहिल्या पाण्यानेच खाली जाते.

दोन रोपांत दीड ते दोन फूट अंतर ठेवा. बुटक्या जातींना एक फूट पुरते. सुरुवातीला वाफा रिकामा वाटतो, पण तिसऱ्या वर्षी तो भरतो.

कधी लावावे?

कडक उन्हाळा आणि जमीन गोठण्याचा काळ सोडून केव्हाही. सर्वांत बरे म्हणजे थंडी संपताना किंवा उन्हाचा तडाखा ओसरल्यावर. जमीन गोठणाऱ्या भागात त्याआधी किमान सहा आठवडे मुळे धरायला मिळाले पाहिजेत. तापमान ३५ अंशांवर असताना लावलेली, नुकतीच कापलेली रोपे हमखास सडतात.

पाणी किती आणि केव्हा द्यावे?

आठवड्याला एक इंच पाऊस पडल्याइतके. दोन फूट बाय दोन फूट जागेत पसरलेल्या झुपक्याला हे पाणी साधारण ९ लिटर होते. रोज थोडे शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एक-दोनदा खोल पाणी द्या. माती सहा इंच खोल ओली झाली पाहिजे आणि पुढच्या पाण्याआधी वाफसा आला पाहिजे. मांसल मुळे पाणी साठवतात, त्यामुळे झाड कोरडे दिवस सहज काढते. पण दांडा वर येण्यापासून शेवटची कळी उमलेपर्यंत पाण्याचा ताण पडला, तर कळ्यांची संख्या आणि फुलाचा आकार दोन्ही घटतात.

पाणी बुडाशी द्या आणि सकाळी द्या. पानांवर संध्याकाळी शिंपडलेले पाणी रात्रभर राहते आणि तांबेऱ्याला, म्हणजे पानांवरच्या बुरशीच्या रोगाला, आमंत्रण मिळते. दोन-तीन इंच जाडीचे पालापाचोळ्याचे आच्छादन उपयोगी पडते, फक्त ते क्राऊनपासून चार बोटे दूर हवे.

खत कोणते?

नवी वाढ सुरू होताना एका झुपक्याला तीन-चार मुठी गांडूळ खत किंवा मुरलेले शेणखत आणि एक मूठ निंबोळी पेंड. रासायनिक खत वापरायचे तर नत्र-स्फुरद-पालाश समप्रमाणात असलेले दाणेदार खत एक मोठा चमचा, क्राऊनपासून सहा इंच लांब गोलाकार टाकून मातीत हलवावे आणि पाणी द्यावे. पहिला बहर संपला की यातली निम्मी मात्रा पुन्हा. एवढे पुरते. युरिया देण्याचा मोह टाळा. पाती हिरवीगार, लोळणारी होतात आणि फुले रुसतात.

कुंडीत लावता येते का?

येते. बुटक्या जातीला १२ इंचांची, उंच जातीला १६ इंचांची, तळाला मोकळी छिद्रे असलेली कुंडी घ्यावी. दोन भाग माती, एक भाग कंपोस्ट, एक भाग कोकोपीट किंवा जाड वाळू. कुंडीखाली ताटली ठेवून त्यात पाणी साचू देऊ नये. उन्हाळ्यात रोज पाणी लागेल आणि वाढीच्या काळात पंधरा दिवसांनी पातळ द्रवखत. दोन ते तीन वर्षांत कुंडी मुळांनी गच्च भरते. तेव्हा विभागणी करावीच लागते.

झाड हिरवेगार आहे, पण फुले येत नाहीत. काय चुकते?

तपासणीचा क्रम असा ठेवा. आधी ऊन मोजा: लावले तेव्हा मोकळी असलेली जागा शेजारचे झाड वाढल्याने सावलीत गेलेली असते. ऊन ठीक असेल तर क्राऊनभोवतीची माती बोटाने उकरा. क्राऊन दोन-अडीच इंच खाली सापडला तर कारण मिळाले. असे झाड पाने काढत राहते, दांडा काढत नाही. दरवर्षी वरून माती आणि खत टाकत गेल्याने नीट लावलेले रोपही असे गाडले जाते. रोप उचलून वर लावा.

खोलीही बरोबर असेल तर झुपक्याचे वय बघा. पाच-सहा वर्षे न हलवलेल्या झुपक्यात मधले पंखे दाटीने बारीक होतात आणि फुले फक्त कडेला येतात. यावर विभागणीशिवाय इलाज नाही. चौथे कारण नत्राचे, ते हिरवळीला दिलेल्या खतातूनही पोहोचते. पाचवे, उष्ण भागात लावलेली सुप्त जात. आणि रोप याच वर्षी विभागून लावले असेल तर फक्त थांबा. पहिले वर्ष मुळे धरण्यात जाते.

फुलदांडा मध्येच उभा फाटतो किंवा फुटतो. हा रोग आहे का?

रोग नाही. कोरड्यानंतर एकदम भरपूर पाणी मिळाले की आतल्या पेशी वेगाने फुगतात आणि दांडा फाटतो. नत्र जास्त झाले असेल तर शक्यता वाढते आणि टेट्राप्लॉइड जातींत हे अधिक दिसते. अर्धवट फाटलेल्या दांड्याला काठी बांधून आधार दिला तर वरच्या कळ्या बहुधा उमलतात. पुढच्या वेळी दांडे वर येताना पाणी एकसारखे ठेवा.

कळ्या गळतात किंवा वेड्यावाकड्या उमलतात?

कडक उन्हात पाण्याचा ताण पडला की कळ्या पिवळ्या पडून गळतात. कळीवर खरबरीत तपकिरी चट्टे आणि पाकळीवर फिकट रेघा असतील तर ते फुलकिडे. कळी आखूड, फुगीर, तळाशी जाड दिसत असेल आणि उघडल्यावर आत पांढऱ्या बारीक अळ्या सापडल्या, तर तो कळीतल्या गाठमाशीचा प्रादुर्भाव. युरोपात ही डे लिलीची नेहमीची डोकेदुखी आहे. अशा कळ्या तोडून पिशवीत बंद करून टाका. कंपोस्टमध्ये टाकू नका, कारण या अळ्या मातीत उतरून कोष करतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा हजर होतात. लवकर फुलणाऱ्या जातींना त्रास जास्त होतो.

सुकलेली फुले काढावीत का?

काढलेली बरी. सुकलेले फूल पुढच्या कळीला चिकटते आणि ती नीट उमलत नाही; शिवाय बोंड धरले तर झाडाची ताकद बियांत जाते. फूल देठाच्या सांध्यापाशी वाकवून तोडा, बुडाची हिरवी गाठही त्यासोबत निघाली पाहिजे. दांड्यावरच्या सगळ्या कळ्या संपल्या की दांडा बुडापाशी कापा.

विभागणी कधी आणि कशी करावी?

तीन ते पाच वर्षांनी. वेळ लागवडीचीच. आदल्या दिवशी पाणी द्या. झुपक्यापासून सहा-आठ इंच लांब गोलाकार खणत जा आणि मुळांसकट अख्खा गड्डा उचला. माती पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढली की पंखे कुठे वेगळे होतात ते दिसते. बहुतेक पंखे हाताने हलवत सोडवता येतात. जुना गच्च झुपका सुटत नसेल तर बागेचे दोन काटे (दात असलेली खणायची अवजारे) पाठीला पाठ लावून मध्यावर रोवा आणि त्यांच्या मुठी एकमेकांपासून दूर ओढा. तेवढ्यानेही न सुटल्यास सुरी. सुरी प्रत्येक झुपक्यानंतर स्पिरिटने पुसा.

एका भागात दोन ते तीन पंखे आणि भरपूर मुळे हवीत. एकच पंखा लावला तरी जगतो, पण भरघोस फुलायला दोन वर्षे घेतो. कापलेल्या जागा सावलीत काही तास सुकू द्या, त्यावर गंधकाची भुकटी लावली तर अधिक बरे. मग पाती छाटून त्याच दिवशी लावा.

दांड्यावर छोटे रोप फुटले आहे. ते काढू का?

नक्की काढा. ते आईची हुबेहूब प्रत असते. दांडा पिवळा पडू लागला की रोपाच्या वर आणि खाली इंचभर दांडा ठेवून कापा आणि ओलसर मिश्रणात बुड टेकवून लावा. दोन-तीन आठवड्यांत मुळे धरतात.

बियांपासून रोपे करता येतात का?

येतात, पण ती आईसारखी निघत नाहीत. तीच तर गंमत आहे. सकाळी, ऊन चढण्याआधी, एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलाच्या लांब बाहेर आलेल्या स्त्रीकेसराच्या टोकाला लावा आणि देठाला चिठ्ठी बांधा. डिप्लॉइड आणि टेट्राप्लॉइड यांचा एकमेकांशी संकर होत नाही. सहा ते आठ आठवड्यांत बोंड तपकिरी होऊन टोकाला तडकते. आतल्या बिया काळ्या, चकचकीत आणि टणक हव्यात.

बिया जरा ओलसर कागदात गुंडाळून, पिशवीत बंद करून फ्रिजमध्ये चार ते सहा आठवडे ठेवा आणि मग अर्धा इंच खोल पेरा. सगळ्या एकदम उगवत नाहीत, म्हणून ट्रे लवकर रिकामा करू नका. पहिले फूल साधारण दोन ते तीन वर्षांनी.

पानांवर केशरी पूड दिसते. काय करावे?

हा तांबेरा. पुक्सिनिया हेमेरोकॅलिडिस नावाची बुरशी. खात्री करायला पानाच्या खालच्या बाजूवरून पांढरा टिश्यू पेपर फिरवा. त्यावर केशरी-पिवळा डाग उमटला तर तांबेराच. नुसती तपकिरी रेघ असेल, मधल्या शिरेच्या बाजूने पिवळी पडत जाणारी, तर तो पानांवरील रेघांचा करपा. तो ओल्या पानांना हात लावल्याने पसरतो आणि बाधित पाने काढली की बहुधा आवरतो.

तांबेऱ्याने झाड सहसा मरत नाही, पण दुबळे होते आणि शेजारच्या प्रत्येक डे लिलीला तो देते. बीजाणू वाऱ्याने, कपड्यांनी आणि अवजारांनी पसरतात आणि रुजायला त्यांना पाच-सहा तास ओले पान लागते. सगळी पाने जमिनीपासून दोन-तीन इंचांवर छाटून पिशवीत बंद करून फेका. नवी पाने फुटताच अ‍ॅझॉक्सिस्ट्रोबिन किंवा प्रोपिकोनॅझोल असलेले बुरशीनाशक लेबलवरील मात्रेने फवारा आणि पुढच्या फवारणीला दुसऱ्या गटातले औषध घ्या. एकच औषध सतत वापरले की बुरशी त्याला सरावते.

डे लिलीवर ही बुरशी फक्त जिवंत हिरव्या पानावर टिकते. म्हणून जिथे थंडीत सगळी पाने मरतात तिथे ती आपोआप संपते आणि उबदार भागात सदाहरित जातींवर वर्षभर राहते. नवे रोप आणले की पाने छाटून महिनाभर इतर झाडांपासून वेगळे ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय. पॅट्रिनिया हे या बुरशीचे दुसरे यजमान झाड आहे. ते डे लिलीजवळ लावू नका.

रोप एकाएकी कोलमडले, पाती ओढली की हातात येतात?

क्राऊन सडला. घाण वास आणि लगदा असेल तर जिवाणूंची कूज. बुडाशी पांढरी जाळी आणि मोहरीसारखे तपकिरी दाणे दिसले तर स्क्लेरोशियम बुरशी. दोन्ही उष्ण, ओल्या हवेत वाढतात. रोप उपटा, सडलेला भाग पांढरा टणक गाभा लागेपर्यंत कापा, दोन-तीन दिवस सावलीत सुकवा आणि कोरड्या वाळूमिश्रित मातीत कुंडीत लावा. अर्धीअधिक रोपे वाचतात असे मात्र समजू नका. दाणे दिसलेल्या जागची वरची सहा इंच माती काढून टाका.

मावा आणि लाल कोळी?

मावा पंख्याच्या मध्यात, पात्यांच्या बेचक्यात लपतो. पाण्याचा जोरदार फवारा आणि मग लिटरला पाच मिलि निंबोळी तेल थोड्या साबणासह. लाल कोळी कोरड्या उष्ण दिवसांत येतो. पानाच्या मागून पाणी मारले की बराच आटोक्यात राहतो. भर उन्हात तेल फवारू नका, पाने भाजतात.

बहर संपल्यावर पाने पिवळी पडतात. घाबरायचे कारण आहे का?

बाहेरची जुनी पाने पिवळी पडत असतील तर नाही. ओढून काढा. मधले नवे पान पिवळे असेल तर क्राऊन तपासा.

जात दुसरीच निघाली किंवा रंग बदलला, असे का?

बऱ्याचदा बोंड फुटून बिया झुपक्यातच पडतात आणि उगवलेले जोमदार रोप मूळ जातीला मागे टाकते. नारिंगी हेमेरोकॅलिस फुल्वा शेजारी असेल तर ती जमिनीखालच्या धावत्या खोडांनी आत शिरते. तिच्यासाठी वेगळी जागाच ठेवावी. हवामानानेही छटा बदलतात. दुहेरी पाकळ्यांच्या जाती थंड दिवसांत एकेरी फुले देतात आणि ऊब वाढली की पुन्हा दुहेरी होतात.

घरात मांजर आहे. लावावी का?

लावू नये. पान, पाकळी, पराग, इतकेच काय फुलदाणीतले पाणीसुद्धा मांजराच्या मूत्रपिंडाला घातक ठरते. खऱ्या लिलीप्रमाणेच डे लिलीतही हा धोका आहे. मांजराने चावले असे नुसते वाटले तरी उलटी होण्याची वाट न पाहता तेव्हाच पशुवैद्याकडे न्या. मूत्रपिंड एक ते तीन दिवसांत निकामी होऊ शकते आणि उपचार पहिल्या काही तासांतच लागू पडतात. फुलाचा फोटो किंवा तुकडा सोबत ठेवा.